दार सुनेनं उघडलं

वहिनीचे डोळे वर गेले तेव्हा तू दाराच्या पलीकडं उभी होतीस, वैशाली. मधे एक लाकडी दार, त्याला बाहेरून कुलूप, आणि कुलपाची किल्ली माझ्या भावाच्या खिशात. तू बाहेर पंचांना सांगत होतीस, "लिहा. घर बंद हाय, दाराला कुलूप हाय." मी आत वहिनीचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि स्वतःच्या तोंडावर पदर दाबून धरला होता, श्वाससुद्धा बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. वहिनीला दरदरून घाम सुटला होता. दातखीळ बसली होती. तिचा एक हात सारखा उडून फरशीवर आपटत होता. तो मी गुडघ्याखाली दाबून ठेवला, कारण त्याचा आवाज होत होता.

हाक मारली तर भावाचं घर जाणार होतं. नाही मारली तर वहिनी जाणार होती.

तू त्या दिवशी बेलीफ म्हणून आली होतीस, माझी सून म्हणून नाही. मी आत आहे हे तुला माहीत नव्हतं. बाहेरचा बेलीफ म्हणजे तू आहेस हे मलाही तुझा आवाज ऐकेपर्यंत माहीत नव्हतं. पंचांच्या सह्या झाल्या. तू पायरी उतरलीस. तुझी चाल मला ओळखू येते, घरात इतकी वर्षं ऐकली. ती लांब जायला लागली तेव्हा मी ओरडले.

"वैशाले! दार फोड!"

हे सगळं तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण आता घरात येणारा प्रत्येकजण तुझ्याबद्दल दुसरंच काहीतरी बोलतो. तू किती हसतमुख होतीस म्हणे. तू हसतमुख नव्हतीस. कामावरून आलीस की तासभर कुणाशी बोलत नव्हतीस. कुणी सांगतं, सासूला आईसारखं सांभाळलं. आईसारखं कशाला सांभाळशील? तुझी आई तुझ्याशी भांडत नव्हती.

कागलच्या एमआयडीसीत समन्स द्यायला गेलीस आणि रस्त्यावरच राहिलीस. त्याबद्दल मला काही लिहायचं नाही. गाडी कुठली होती, चूक कुणाची, हेल्मेट घातलं होतं का, लोक हेच विचारतात. मी सांगते, घातलं होतं.

तुमचे नाझर, कोर्टात बेलिफांना कामं वाटून देणारे, येऊन गेले. चांगला माणूस आहे. बसले, डोळे पुसले, तुझ्या लेकीच्या, प्राचीच्या डोक्यावरून हात फिरवला. उठताना अडखळत म्हणाले, "आजी, राग मानू नका. वैशालीताईंची पिशवी पोलिसांनी घरी दिलीया न्हवं? तिच्यात समन्स हायत. बजावले न्हाईत तर परत लावावे लागत्यात." मी पिशवी आणून दिली. त्यांनी उभ्या उभ्या कागद तपासले. एकावर चिखल लागला होता, तो रुमालानं पुसला. बायका कुजबुजल्या, काय माणसं तरी ही, मयताच्या घरात कागद मागतात. मी म्हटलं, त्या कागदावर ज्याचं नाव आहे त्याची तारीख थांबत नाही. हे तूच मला शिकवलं होतंस.

मी चौथीपर्यंत शिकले. कोर्ट म्हणजे वर बसलेले जज्जसाहेब आणि खाली काळ्या कोटातले वकील, एवढंच मला ठाऊक होतं. माझा संजय तिथं पट्टेवाला होता. कोर्टाच्या दारात उभा राहून लोकांची नावं पुकारायचा. तो आजारपणात गेला आणि अनुकंपावर त्याच्या जागी तुला घेतलं. सासूची हरकत नाही असं लिहून द्यावं लागतं, ते मी दिलं. तेव्हा मला वाटलं, सून आता पंख्याखाली बसणार. तूही आधी तसंच समजत होतीस. मग पुढं तुला बेलीफ केलं आणि हातात वॉरंटं आली.

भाकरी थापता थापता तू मला सगळं सांगायचीस. निकाल साहेबांनी द्यायचा. साहेब बोलतील तसं स्टेनोनं उतरवून घ्यायचं. क्लार्कनं फाईल सांभाळायची. निकाल झाला तरी हरलेला माणूस जागा सोडत नाही, मग जिंकलेला परत अर्ज करतो आणि ताब्याचं वॉरंट निघतं. ते नाझरकडं येतं. कुणी कुठल्या गावाला जायचं ते नाझर ठरवतात.

"आणि मग?" मी विचारायचे.

"मग आम्ही. आत्ती, साहेब कुणाचं दार बघत न्हाईत, वकील बघत न्हाईत. निकाल ज्याच्या दारात न्यायचा त्याचं तोंड फक्त बेलीफ बघतो."

"म्हंजे शिव्या खायला तू."

"व्हय. त्याचाच पगार हाय."

तुझे नियम मला पाठ झाले होते. ज्याच्या दारात जायचं तिथं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. वादी, म्हणजे ज्यानं दावा लावलाय तो, कितीही म्हणाला तरी त्याच्या गाडीत बसायचं नाही. उन्हात तुझी स्कूटर बंद पडली तर ढकलत यायचीस, पण बसत नव्हतीस. कुणी कुत्रं सोडलं, कुणी दारातच आंघोळीला बसला, हे सगळं सांगायचीस. नाव मात्र कुणाचं घ्यायची नाहीस. मी खोदून विचारलं तर म्हणायचीस, "कोर्टातलं नाव घरात आणायचं न्हाय."

म्हणूनच माझ्या भावाच्या घराचं वॉरंट तुझ्या पिशवीत आहे हे तू मला सांगितलं नाहीस. आणि मी भावाकडं जाते हे मी तुला सांगितलं नाही. पन्हाळ्याला मैत्रिणीच्या नातीचं लग्न आहे म्हणून सांगितलं. एका खोलीत राहणाऱ्या दोन बायका आपण, आणि एकाच दाराच्या दोन बाजूंना जाऊन उभ्या राहिलो.

पेठ वडगावच्या अलीकडं माझं माहेर. आनंदादादा माझा थोरला भाऊ. दिनकर आमचा चुलत. दोघांचा वाटणीचा दावा इतका चालला की मी सून म्हणून त्या गावातनं निघाले ती सासू झाले तरी तो संपला नव्हता. शेवटी गावातलं घर दिनकराच्या वाट्याला लागलं आणि दादाच्या वाट्याला रान. दादा घर सोडायला तयार नव्हता. त्याला कुणीतरी डोकं चालवून सांगितलं, बेलीफ आला आणि घराला कुलूप दिसलं की तो तसं लिहून परत जातो. मग वादीनं पुन्हा कोर्टात जायचं, कुलूप तोडायचा आदेश आणायचा, त्यात महिने जातात. हे खरंच होतं, तूही नंतर तसंच सांगितलंस. पण घर रिकामं सोडलं तर दिनकर आत शिरेल ही दादाला भीती. म्हणून त्यानं ठरवलं, माणूस आत ठेवायचं आणि कुलूप बाहेरून घालायचं.

आदल्या दिवशी तो मला न्यायला आला. म्हणाला, "वहिनी एकटी भितीया. तू सोबत बस. एका दिवसाचा प्रश्न हाय. आणि घरात सांगू नको, सून कोर्टात हाय तुझी, उगं तिच्या कानावर कशाला."

मी गेले. भावानं बोलावलं तर बहीण जाते, त्यात विचार करण्यासारखं मला काही वाटलं नाही.

सकाळी त्यानं रोजच्यासारखं वहिनीला साखरेच्या आजाराचं इंजेक्शन टोचलं. खिडक्या लावल्या. परसदार दिनकराच्या भीतीनं आधीच खिळे ठोकून बंद केलं होतं. आमचे दोघींचे मोबाईल काढून घेतले, वाजले तर कळेल म्हणून. बाहेर पडताना म्हणाला, "चूल न्हाय, गॅस न्हाय. फोडणीचा वास गेला की संपलं. कोण काय बी म्हणू दे, ओ द्यायची न्हाय." आणि कुलूप घालून रानात निघून गेला.

शिळी भाकरी होती. वहिनीला ती भीतीनं गिळेना. इंजेक्शन घेऊन उपाशी राहिलं की काय होतं हे मला कुठं ठाऊक? तिलाही त्या वेळी सुचलं नाही. सुरुवातीला आम्ही दोघी हसलोसुद्धा. ती म्हणाली, "लग्नात बी तुझ्या दादानं मला असंच कोंडून ठेवलं न्हवतं." मी म्हटलं, "गप की, बेलीफ ऐकंल." मग उजेड फटीतनं सरकत राहिला, आतली हवा तापली, आणि ती बोलायची कमी झाली. म्हणाली, हात कापतायत. मला वाटलं, भीतीनं.

मग बाहेर गाडी थांबली आणि तुझा आवाज आला. तू माझ्या भावाला मामा म्हणायचीस. त्या दिवशी त्याचं पूर्ण नाव घेऊन पुकारलंस. कोर्टाचं वॉरंट वाचलंस. मग म्हणालीस, "आत कुणी बायामाणसं असतील तर त्यांनी बाहेर यावं. कुणी अडवणार न्हाय." हे म्हणावंच लागतं, असा कायदा आहे, तू नंतर सांगितलंस. तेव्हा मला वाटलं, तुला कळलंय. पण तू पुन्हा तेच वाक्य तशाच आवाजात म्हणालीस, तेव्हा समजलं की हे सगळ्याच दारात म्हणतात.

दिनकर बोलला, "मॅडम, हातोडा आणलाय. एका दणक्यात निघंल."

"न्हाय. कुलूप तोडायचा आदेश वॉरंटात न्हाय. हात लावायचा न्हाय."

"अवो, कुलूप नवंकोरं हाय की! आत माणसं हायत, मी सांगतो न्हवं. कालच इथं धूर दिसत होता."

"मग तसा अर्ज द्या साहेबांना. मला जे दिसतंय ते मी लिहिणार. मला कुलूप दिसतंय."

आणि लिहिलंस. त्याच वेळी वहिनी माझ्या मांडीवर आडवी झाली होती.

मी हाक मारल्यावर तुझी पावलं पायरी चढून परत आली. मग तुझा आवाज आला, हळू, दाराला तोंड लावून.

"आत्ती? तुम्ही तर पन्हाळ्याला गेलताय की!"

"वहिनी मरतीया! फोड दार!"

पहिला घाव बसला तसं दार माझ्या पाठीत हादरलं. दिनकर म्हणत होता, "आता आदेश कुठनं आला, मॅडम?" दुसरा घाव बसला. कुलूप चांगलं होतं, दादानं मुद्दाम तसलं आणलं होतं, लवकर तुटेना. शेवटी कोयंडाच उखडला आणि उजेड आत आला. उजेडात आधी तुझा हात दिसला, त्यात दिनकराचा हातोडा.

तू वहिनीला बघितलंस आणि मला विचारलंस, "इंजेक्शन टोचलंय? खाल्लंय काय?"

"काय न्हाय खाल्लं."

"गूळ कुठाय?"

"गूळ? अगं तिला गोड चालत न्हाय!"

"आत्ती, गूळ!"

तुझ्या वडिलांना हाच आजार होता, म्हणून तुला ठाऊक. गूळ कोपऱ्यात होता, पोत्याखाली, माझ्या हाताच्या अंतरावर. सकाळपासून मी त्याच्याशेजारी बसले होते. तू बोटावर कालवून तिच्या हिरड्यांना चोळलास, गालात भरलास, पुन्हा चोळलास. तुझी कोर्टाची ओळखपट्टी गळ्यातनं लोंबत तिच्या तोंडावर येत होती, ती तू मागं पाठीवर टाकलीस.

दिनकर उंबऱ्यात आला होता. त्याच्यामागं त्याची माणसं. तू वर न बघता म्हणालीस, "बाहेर. कुणी पाय आत टाकायचा न्हाय."

"दार उघडलंय की आता! ताबा द्या."

"दार बेलीफनं उघडलेलं न्हाय. सुनेनं उघडलंय."

"मग बेलीफ कुठं गेली?"

"ती मघाच लिहून मोकळी झाली. घर बंद हाय म्हणून. तिचं आजचं काम संपलं."

मागनं कुणीतरी हसलं. दिनकर हसला नाही. तो मला बघत होता. लहानपणी आम्ही एकाच ताटात जेवलोय. मग त्यानं वहिनीकडं बघितलं आणि चपला काढून आत आला. तू ओरडणार होतीस, पण त्यानं सरळ वाकून वहिनीला उचललं. "गाडी लाव रे," म्हणाला. तो घर मागत होता, माणूस मेलेलं त्याला नको होतं. त्याच्याच गाडीतनं आपण वडगावला दवाखान्यात गेलो. वहिनी तुझ्या आणि माझ्या मांडीवर आडवी. वादीच्या गाडीत तू पहिल्यांदा बसलीस.

सलाईन लागल्यावर वहिनीनं डोळे उघडले. पहिलं वाक्य म्हणाली, "घर गेलं का?"

दादा दिवस मावळताना आला. बायकोकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाला, "हाक मारलीसच की." एवढंच. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. तू येणार हे त्याला आधीच ठाऊक होतं का आणि म्हणून त्यानं मला आत बसवलं का, हे मला विचारायचं होतं. आता विचारून उपयोग नाही. मला वाटतं, ठाऊक होतं.

तुझ्यावर दोन तक्रारी गेल्या. दिनकराच्या वकिलानं लिहिलं की बेलीफनं दार उघडूनही ताबा दिला नाही. दादाच्या वकिलानं लिहिलं की बेलीफनं आदेश नसताना कुलूप तोडलं आणि वादीच्या गाडीत बसली. दोन्ही बाजूंचं एवढं एकमत त्या दाव्यात पहिल्यांदाच झालं असेल. आणि दोन्ही खरंच होतं, कारण तू स्वतःच तसं लिहून दिलं होतंस. नाझर घरी आले होते, म्हणाले, "ताई, पहिला रिपोर्ट झाला हुता की. घर बंद. तिथं थांबायचं. पुढचं लिहायची काय गरज?"

तू म्हणालीस, "हातोडा माझ्या हातात हुता. पंचांनी बघितलंय, मी बी बघितलंय."

चौकशी होईपर्यंत तुला घरी बसवलं. ते दिवस मला तुझ्या मरणापेक्षा जास्त आठवतात. पेठेतली आपली एक खोली, तू दिवसभर घरात, मी दिवसभर घरात, प्राची कॉलेजला. तू डबे घासायचीस, घासलेले पुन्हा घासायचीस. बाहेर पडायची सोय नव्हती. गल्लीत बायका विचारायच्या, सुट्टी का ओ? माझं माहेर बंद झालं होतं. तुझं काम बंद झालं होतं. दादानं कोंडलं त्या घरातनं निदान दार फोडून निघता आलं. इथं कुलूप नव्हतं आणि दोघींनाही कुठं जायला जागा नव्हती.

आपण भांडलो. सकाळी भांडायचो, जेवून पुन्हा भांडायचो. मी म्हणायचे, "घर माझ्या भावाचं हाय हे नाझरला सांगून दुसऱ्या बेलीफला पाठवायचं हुतंस."

"सांगितलं हुतं. दुसरा बेलीफ तिकडं गडहिंग्लजला गेलता. नाझर म्हणाले, जमत नसंल तर तसं लिहून द्या, वॉरंट थांबवतो. मी न्हाय दिलं लिहून."

"का?"

"किती येळा लिहून द्यायचं, आत्ती? जिल्ह्यात कुणाचं तरी कुणीतरी लागतंयच."

"पण माझा भाऊ!"

"तुमचा भाऊ म्हणूनच. माझ्या हातनं ताबा झाला असता तर भांडी अंगणात फेकली नसती. एकेक हातानं बाहेर मांडली असती."

मी म्हटलं, "फार उपकार."

हे मी म्हटलं, आणि ते तसंच राहिलं.

चौकशीला मला साक्षीला बोलावलं. कोर्टाच्या इमारतीत मी पहिल्यांदा पाय टाकला. दारात एक पोरसवदा पट्टेवाला उभा होता, त्यानं माझं नाव पुकारलं. माझा संजय हेच काम करायचा, पण तो शेवटचं अक्षर लांबवायचा, घरात चहाला बोलावतानासुद्धा. हा पोरगा नीट पुकारत होता. मी आत गेले.

चौकशीचे साहेब मऊ बोलत होते. "आजी, कुलूप कुणी लावलं?"

भाऊ म्हटलं तर भावावर पोलीस केस. माहीत नाही म्हटलं तर तू बुडालीस. तू समोर खुर्चीत बसली होतीस आणि माझ्याकडं बघत नव्हतीस. खुणेनंसुद्धा काही सांगितलं नाहीस. घरातनं निघताना फक्त म्हणाली होतीस, "औषध घेतलं का?"

मी म्हटलं, "भावानं."

"तुम्हाला जबरदस्तीनं कोंडलं?"

"न्हाय. मी आपणहून बसले. पण किल्ली त्याच्याकडं हुती."

"कुलूप कुणी तोडलं?"

"हिनं. मी सांगितलं म्हणून."

"बेलीफ म्हणून तोडलं की सून म्हणून?"

"ते तिला विचारा, साहेब. मला आतनं दिसत नव्हतं."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. तुझ्या तोंडाचा कोपरा हलला, मी बघितला. तेवढंच हसू त्या महिन्यांत.

तुला ताकीद मिळाली, एक वेतनवाढ थांबली, आणि कामावर परत घेतलं. दादावर केस झाली नाही, वहिनीनं जबाबच दिला नाही. घर मात्र गेलं. आदेश घेऊन दुसरा बेलीफ आला, पोलीस आले, दार उघडंच होतं. भांडी अंगणात फेकली म्हणतात. ते ऐकलं त्या दिवशी तू जेवली नाहीस. मी तुला जेव म्हटलं नाही.

वहिनी आता रानातल्या शेडात राहते. तुझं कळल्यावर दादा आला नाही. ती एकटी एसटीनं आली, डोक्यावर पाटी, पाटीत पिठलं आणि भाकरी, आपल्या घरात चूल पेटणार नाही म्हणून. तुझ्या फोटोसमोर बसली. रडली नाही. म्हणाली, "माझं घर हिनं न्हेलं असं मी कधी कुणाला म्हटलेलं न्हाय." मग प्राचीला जेवायला घातलं, स्वतः इंजेक्शन टोचून घेतलं आणि लगेच दोन घास खाल्ले. माझ्याकडं बघून खाल्ले.

नाझर जाताना आणखी एक बोलून गेले. प्राचीचा अर्ज करता येईल म्हणाले. आधी शिपाई म्हणून घेतील, पुढं बघू. आजीची हरकत नाही असं लिहून लागेल. प्राची रात्रीपासून माझ्याकडं बघते आणि विचारत नाही, अगदी तुझ्यासारखी. नको म्हटलं तर आम्ही दोघी खाणार काय? व्हय म्हटलं तर एक दिवस तिच्याही पिशवीत कुणाचं तरी दार येणार. मी अजून काही लिहून दिलेलं नाही. तू असतीस तर काय म्हणाली असतीस ते मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच तुला विचारत नाही.

तुझं एक माझ्याकडं राहिलं आहे. कामावर परत गेल्यानंतरची गोष्ट. आपलं तेच भांडण पुन्हा निघालं होतं. मी पुन्हा म्हटलं, दुसऱ्याला जाऊ द्यायचं होतंस. तू पिशवी भरत होतीस. थांबलीस आणि मला विचारलंस, "दुसरा कोण आला असता तर तुम्ही हाक कुणाला मारली असती?"

मी म्हटलं, "भाजी करपतीया बघ."

तू भाजी बघितलीस आणि कामाला गेलीस. नंतर कधी विचारलं नाहीस. मला ते उत्तर तेव्हाही माहीत होतं.

कुणालाच मारली नसती. परका बेलीफ असता तर मी गप्प बसले असते. भावाचं घर राखायला बसले होते, राखत राहिले असते. त्यानं लिहिलं असतं, घर बंद, आणि तो निघून गेला असता. आत काय झालं ते दादानं दिवस मावळताना कुलूप काढल्यावर बघितलं असतं. बाहेर तुझा आवाज होता म्हणून मी ओरडले. तुझ्या नोकरीचा मी विचार केला नाही, माझ्या भावाचा केला नाही. तू आहेस, तू फोडशील, एवढंच मला वाटलं, आणि तू फोडलंस.

त्या दाराआड आम्ही दोघी होतो. वहिनी जगली आणि मी जगले.